व्हायोलिनचे उपासक मेहली मेहता

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे असा परिपाठ आहे. अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या, डॉक्टर आनंदीबाईही झाल्या. यंदा कार्यवाह बाईंनी ते काम माझ्यावर सोपविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भिशीचा हिशेब आणि वाण्याची यादी यापलीकडे माझा लेखणीशी फारसा संबंध नाही. पण घरी आल्यावर मनात एक नाव घोळू लागले, आणि दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन होकार कळविला.

ते नाव एका पारशी गृहस्थांचे आहे. आपण भजने म्हणणाऱ्या, मंगळागौर जागविणाऱ्या बायका. विलायती पद्धतीचे व्हायोलिन वाजविणाऱ्या माणसाचे आपल्याला काय, असे काही जणींना वाटेल. मलाही तसेच वाटले असते. म्हणून हे नाव आमच्या घरात कसे आले ते आधी सांगते.

माझी मुलगी आठ वर्षांची असल्यापासून मरोळच्या गावठाणात एका वृद्ध सरांकडे व्हायोलिन शिकावयास जात असे. सर ईस्ट इंडियन ख्रिस्ती, त्यामुळे मराठी त्यांची घरचीच, आणि आमच्यापेक्षा जास्त ठसकेबाज. तरुणपणी त्यांनी चर्चमध्ये आणि सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेत बसून पुष्कळ वाजविले. दोन वर्षांपूर्वी ते आपल्या लेकीकडे वसईला राहावयास गेले. जाताना त्यांनी आमच्याकडे एक पिशवीभर कॅसेटी दिल्या आणि त्यातली एक वेगळी काढून माझ्या हातात ठेवली. ही आधी ऐका, असे त्यांनी मला बजावले होते. मुलीला नव्हे, मला.

ऐकावयास मुहूर्त लागला तो एका रविवारी दुपारी. मी मेथी निवडीत बसले होते. आधी सगळा वाद्यवृंद गंभीरपणे काहीतरी म्हणतो आणि मग एकटे व्हायोलिन असे उठते की जणू भरल्या मांडवात एखादी ठसठशीत बाई येऊन उभी राहिली. मग ते ठुमकते, थबकते, मध्येच बोटांनी तारा छेडल्याचा टणटण आवाज येतो, मध्येच शिटीसारखा बारीक स्वर वर वर जातो, आणि शेवटी अशी धाव घेते की वाजविणाऱ्याच्या हाताला किती बोटे आहेत असा प्रश्न पडावा. माझी मेथी तशीच राहिली. हे गाणे आपल्या कानांना ओळखीचे नाही, तरी त्यातला ठेका कुठेतरी पायात शिरतो एवढे खरे.

पुढे सरांना फोन करून विचारले तेव्हा कळले की या कॅसेटीवरची संगीते फ्रान्स आणि स्पेन या दोन देशांच्या शेजारातून जन्मलेली आहेत. सेंट-साँ, शॉसाँ आणि राव्हेल हे फ्रेंच, आणि सारासाते हा स्पॅनिश. व्हायोलिन वाजविले आहे इत्झाक पर्लमन यांनी, न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर. आणि त्या वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभे आहेत ते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. झुबिन मेहतांचे नाव मी वर्तमानपत्रात वाचले होते. सरांनी मात्र फोनवर त्यांच्याविषयी दोन वाक्येही सांगितली नाहीत. अर्धा तास ते त्यांच्या वडिलांविषयीच बोलत होते. ते वडील म्हणजे मेहली मेहता. पुढे मुलीने इंग्रजी पुस्तके व वर्तमानपत्रे धुंडाळून मला बरेच वाचून दाखविले. त्या सगळ्याचे हे टाचण आहे.

मेहलींकडे येण्यापूर्वी त्या सारासातेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण या सगळ्या संगीताची नाडी त्याच्याशी बांधलेली आहे.

पाब्लो सारासाते हा १८४४ साली स्पेनमधल्या पाम्प्लोना गावी जन्मला. बाप लष्करी बँडचा मास्तर. पोर पाच वर्षांचे असताना हातात व्हायोलिन आले आणि आठव्या वर्षी लोकांपुढे वाजवू लागले. एका सरदार घराण्यातील बाईंनी त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे अकराबारा वर्षांच्या या मुलाला घेऊन आई पॅरिसला निघाली, आणि वाटेतच, फ्रान्सच्या हद्दीत पाऊल पडते न पडते तोच ती वारली. मुलगाही आजारी. परक्या मुलखात आईचे प्रेत आणि शेजारी तापलेले पोर! मुलगी वाचीत होती तेव्हा मी तिला थांबविले आणि उठून पाणी पिऊन आले. तिथल्या स्पॅनिश वकिलाने त्याला घरी नेऊन बरे केले आणि पॅरिसला धाडले. तो पुढे जगातला नामांकित व्हायोलिनवादक झाला.

पंधरासोळा वर्षांचा असताना हा मुलगा पॅरिसमध्ये सेंट-साँ नावाच्या तरुण संगीतकाराकडे गेला आणि माझ्यासाठी काहीतरी लिहा म्हणून मागणे घातले. सेंट-साँ यांनी लिहिले, आणि पुढे १८६३ साली आणखी एक रचना केली तीही त्याच्यासाठीच. तिच्यात अंगात वारे शिरल्यासारखा स्पॅनिश ठेका आहे, आणि ती आमच्या कॅसेटीवर आहे. लालो नावाच्या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराने त्याच्याकरिता एक मोठी स्पॅनिश धाटणीची रचना केली, ती सारासातेने १८७५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला प्रथम वाजविली. त्याच्या पुढच्याच महिन्यात तिथेच बिझे याचे ‘कार्मेन’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. त्याची नायिका स्पेनमधल्या तंबाखूच्या कारखान्यात सिगारेटी वळणारी कामगार बाई. आपल्याकडे सिन्नरच्या किंवा सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांवर कोणी संगीत नाटक लिहिल्याचे मी ऐकलेले नाही! बिझे स्पेनला कधी गेलाच नव्हता. नाटक आले आणि तीन महिन्यांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या नाटकाचे पुढे केवढे नाव झाले ते त्याने पाहिले नाही. सारासातेने त्याच नाटकातल्या चाली घेऊन व्हायोलिनसाठी एक रचना बांधली. मी ज्या ठुमकणाऱ्या बाईविषयी वर लिहिले ती हीच कार्मेन.

म्हणजे गंमत पाहा. स्पेनचा ठेका फ्रेंच लोकांनी उचलला, तो एका स्पॅनिश वादकासाठी उचलला, आणि त्या स्पॅनिश वादकाने फ्रेंचांनी केलेले स्पेन पुन्हा आपल्या तारांवर घेतले. माहेरचा पदार्थ सासरी जाऊन बदलतो आणि मग आईच लेकीला त्याची कृती विचारते, तसे काहीसे. राव्हेलचे तर आजोळच स्पेनच्या सरहद्दीवरचे; त्याची आई बास्क, तिने लहानपणी त्याला स्पॅनिश गाणी म्हणून दाखविली. कॅसेटीवर त्याची जी रचना आहे ती मात्र हंगेरीतल्या भटक्या जिप्सींच्या वळणाची आहे. १९२४ साली ती त्याने येली द’आरानी या हंगेरियन बाईंसाठी लिहिली. प्रारंभी बराच वेळ व्हायोलिन एकटेच बोलते आणि साराच वाद्यवृंद गप्प बसून ऐकतो. बाईमाणसाला एवढा वेळ कोणी मध्ये न बोलता ऐकून घेते हे वाचून मला बरे वाटले.

असो. सारासाते २० सप्टेंबर १९०८ रोजी फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या आपल्या घरी वारला. लग्न केले नव्हते. आपली दोन मौल्यवान व्हायोलिने त्याने पॅरिसच्या व माद्रिदच्या संगीतशाळांना ठेविली. आणि त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी, २५ सप्टेंबर १९०८ रोजी, इकडे मुंबईत एका पारशी कुटुंबात मेहलींचा जन्म झाला.

यात काही दैवी संकेत आहे असे मी म्हणत नाही. पण तारखा वाचल्या तेव्हा अंगावर काटा आला खरा.

त्या काळच्या मुंबईत विलायती संगीताची आवड पारशी घरांतून पुष्कळ होती, आणि गोव्याच्या व साष्टी-वसईच्या ख्रिस्ती मंडळींत तर चर्चमुळे व्हायोलिन पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. पण आवड वेगळी आणि विद्या वेगळी. चार जणांना घरी जमवून वाजविणे निराळे, आणि साठसत्तर माणसांनी कागदावर लिहिलेले सूर एका श्वासात उमटविणे निराळे. मेहलींना हे दुसरे हवे होते. व्हायोलिनवर त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कष्टाने हात बसविला, आणि १९३५ साली, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी हौशी मंडळी होती, गोव्याचे पोटासाठी वाजविणारे वादक होते आणि फुंकावयाच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे होती. असा हा बारभाईचा संसार! आपल्या मंडळाच्या सहलीला पंचवीस बायका वेळेवर जमवावयाच्या तर काय होते ते आपण जाणतोच. इथे तर एक जण कचेरीतून सुटून येणार, दुसरा हॉटेलातले वाजविणे आटोपून येणार, तिसऱ्याला वरिष्ठांची परवानगी हवी. मेहली या सर्वांच्या पुढे पहिल्या व्हायोलिनच्या जागी बसत. तिला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. दहा वर्षे ते तिथे होते. १९४० साली त्यांनी चार जणांचे एक छोटे वादकमंडळही काढले, दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो, असे.

दरम्यान घरी तेहमिनाबाई आल्या होत्या. १९३६ साली झुबिन झाले, १९३८ साली धाकटे झरीन. घरात सकाळ-संध्याकाळ वाजविणाऱ्यांची ये-जा. मुले त्या आवाजातच झोपली आणि त्यातच जागी झाली.

आता चरित्रातला तो भाग येतो ज्यासाठी मी हे सगळे लिहावयास बसले.

१९४५ साली मेहली मेहता न्यूयॉर्कला गेले. कार्यक्रम करावयास नव्हे, शिकावयास. वय छत्तीस-सदतीस. मुंबईत या क्षेत्रात त्यांच्यापुढे फारसे कोणी नव्हते. आपल्या गावात पहिली खुर्ची त्यांची. नऊ आणि सात वर्षांचे दोन मुलगे, पत्नी, स्वतः उभा केलेला वाद्यवृंद, हे सर्व मागे ठेवून ते एका मास्तरांपुढे विद्यार्थी म्हणून उभे राहिले. ते मास्तर इव्हान गॅलामियन. जन्म इराणातल्या तबरीझचा, जात आर्मेनियन, शिक्षण मॉस्कोला आणि मग पॅरिसला ल्युसियाँ कापे या फ्रेंच गुरूकडे. हे कापे गज चालविण्याच्या विद्येसाठी प्रसिद्ध. गॅलामियन मेहलींहून जेमतेम पाच वर्षांनी मोठे! पाच वर्षांनी मोठ्या माणसाला गुरू करावयाचे म्हणजे मन केवढे मोकळे पाहिजे. आमच्याकडे पाच वर्षांनी मोठ्या जावेने पुरणाला चटका कसा द्यावा हे सांगितले तरी आम्हाला राग येतो.

सरांनी मला समजावून सांगितले की व्हायोलिनमध्ये बोटांचा हात लोकांना दिसतो, पण खरी विद्या गजाच्या हातात असते. बोटे चुकली तर सूर चुकतो. गज चुकला तर सूर असूनही बोलत नाही. गॅलामियन यांची तालीम गजाच्या बाबतीत कडक. जलद वाजवावयाचे तेच आधी अगदी संथ वाजवून घ्यावयाचे, एकेक सूर सुटा करून. आपल्या मनाने शिकलेल्या माणसाच्या हाताला ज्या खोडी पडतात त्या अशाच सुटतात. कॅसेटीवर जे विजेसारखे धावते ते सगळे असे गोगलगायीच्या चालीने शिकलेले असते, हे मला ठाऊक नव्हते. वीस वर्षे वाजविलेला हात पुन्हा पहिल्या धड्यावर आणावयाचा म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच माहीत.

सुमारे चार वर्षे मेहली तिकडे होते. या चार वर्षांत इकडे स्वातंत्र्य आले, फाळणी झाली, गांधीजी गेले. तेहमिनाबाई दोन मुलांना घेऊन मुंबईत राहिल्या. झुबिन नऊ वर्षांचे होते ते तेराच्या घरात गेले. मुलगा ज्या वयात बापाच्या खांद्याशी खांदा लावून पाहतो ते हे वय. मला या ठिकाणी स्पष्ट लिहू द्या की मेहलींचे मोठेपण मान्य करूनही मी पुष्कळ दिवस त्यांच्यावर रागावले होते. नवरा परमुलखात पैसा मिळवावयास गेला तर बाईला निदान सांगता येते की तो आमच्यासाठी गेला. शिकावयास गेला तर ती काय सांगणार? शेजारपाजारच्यांनी काय कमी विचारले असेल? चरित्रे लिहिणारे लोक त्याग त्याग म्हणतात तो बहुधा जाणाऱ्याचा असतो. राहणाऱ्या बाईच्या नावावर तो कोणी मांडीत नाही. म्हणून मी इथे मांडून ठेविते. मेहलींच्या व्हायोलिनच्या चार वर्षांच्या शिक्षणात फीचा अर्धा वाटा तेहमिनाबाईंचा आहे.

आणि तरीही, राग गेला तो माझ्या स्वतःच्याच एका गोष्टीमुळे. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि पाठचे दोघे भाऊ; तेव्हा माझी पाटी तिथेच थांबली. गेल्या वर्षी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि तो तीन आठवडे गव्हाच्या डब्याखाली दडवून ठेवला. लाज कशाची वाटत होती ते सांगता येत नाही. मुलीच्या वर्गमैत्रिणींच्या आयांनी ऐकले तर काय म्हणतील, एवढेच. त्या दिवसांतच हे १९४५ साल माझ्यासमोर आले. ज्याला सगळे येते असे सारे गाव म्हणत होते, त्याने स्वतः होऊन मला येत नाही म्हटले आणि त्यासाठी आगबोटीने निम्मे जग ओलांडले. मी तर नुसते डब्याखालून कागद काढावयाचे होते. तो काढला. माझ्या यजमानांनी सही करताना एक अक्षर विचारले नाही, फक्त चष्मा पुसला. भूमितीपुढे मी अजून हात टेकते, पण तो विषय निराळा.

मेहली १९४९ च्या सुमारास परतले आणि पुन्हा आपल्या वाद्यवृंदापुढे उभे राहिले. आता खुर्ची सोडून हातात छडी. १९५२ साली यहुदी मेन्युहिन हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक पंडित नेहरूंच्या आमंत्रणावरून हिंदुस्थानात आले आणि दुष्काळनिवारणासाठी त्यांनी कार्यक्रम केले. हेच मेन्युहिन १९२७ साली, दहा वर्षांचे असताना, लालोची ती स्पॅनिश धाटणीची रचना पॅरिसमध्ये वाजवून एका रात्रीत प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या मुंबईच्या कार्यक्रमाच्या तयारीत सोळा वर्षांच्या झुबिननी सबंध वाद्यवृंदाची एक तालीम घेतली. बापाने छडी मुलाच्या हातात दिली ती अशी. याच मुंबईच्या मुक्कामात मेन्युहिन यांची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी गाठ पडली आणि अय्यंगारांचा योग युरोपात पोचला, तीही मोठी कथा आहे. पण ती दुसऱ्या कोणी भगिनींनी पुढच्या अंकात लिहावी.

मुंबईने मेहलींना पोटभर दिले असे म्हणता येत नाही. अशा वाद्यवृंदावर घर चालविणे येथे कठीण होते. झुबिन डॉक्टरकीचा अभ्यास सोडून १९५४ साली व्हिएन्नाला संगीत शिकावयास गेले, आणि १९५५ च्या सुमारास मेहली व तेहमिनाबाईही इंग्लंडला निघाले. मँचेस्टर शहरात हॅले नावाचा जुना वाद्यवृंद आहे. जॉन बार्बिरोली तेव्हा त्याचे प्रमुख. तिथे मेहलींनी व्हायोलिनवाल्यांत सहाय्यक कॉन्सर्टमास्टरची जागा घेतली. वय सत्तेचाळीस. ज्यांनी स्वतः वाद्यवृंद काढून वीस वर्षे चालविला ते परक्या थंडीत दुसऱ्याच्या छडीकडे पाहून वाजवू लागले. चारपाच वर्षे ते तिथे राहिले. १९५९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले ते कर्टिस क्वार्टेट या चौघांच्या वादकमंडळात, आणि तिथेही जागा मिळाली दुसऱ्या व्हायोलिनची.

दुसरे व्हायोलिन म्हणजे काय हे मी सरांना मुद्दाम विचारले. लोकांच्या लक्षात राहतो तो पहिल्याचा सूर. दुसरा त्याला खालून धरून असतो. तो सोडला तर पहिला उघडा पडतो. वर मी सारासातेच्या आणि कार्मेनच्या चमकदार संगीताविषयी एवढे लिहिले, ते सगळे पहिल्याचे, एकट्याचे संगीत. ज्यांनी त्याच विद्येसाठी घर सोडले त्यांच्या वाट्याला शेवटी टाळ्यांची जागा आली नाही. मेहली याबद्दल कडवट झाले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

१९६४ साली ते लॉस एंजेलिसला गेले. झुबिन तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुख होऊन दोन वर्षे झाली होती. मुलाच्या सावलीत बसून आजोबा व्हावयाचे वय, छप्पन्न. पण मेहलींनी त्याच साली तरुण मुलामुलींचा एक नवा वाद्यवृंद काढला, अमेरिकन यूथ सिंफनी. विद्यापीठातही ते वाद्यवृंद शिकवू लागले. पोरे गोळा करावयाची, त्यांना बसवावयाचे, एकेक ओळ घासून घ्यावयाची. मुंबईत १९३५ साली जे केले तेच पुन्हा पहिल्यापासून. फरक इतकाच की आता त्यांच्या पदरी गॅलामियनची तालीम होती. तेहतीस वर्षे त्यांनी हे काम केले आणि १९९८ साली, नव्वदीला टेकल्यावर, छडी खाली ठेविली. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. धाकटे झरीन हिशेबतज्ज्ञ झाले आणि पुढे मोठ्या वाद्यवृंदांची व्यवस्था त्यांनी पाहिली. म्हणजे बापाच्या डोक्याला जो ताप होता तो मुलाने पगारी केला, असे आमचे सर हसून सांगतात. दोघा भावांनी १९९५ साली मुंबईत वडिलांच्या नावाने एक संस्था काढली; येथील मुलांना विलायती संगीताची गोडी लावण्याचे काम ती करते. मेहली १९ ऑक्टोबर २००२ रोजी लॉस एंजेलिसला वारले. वय चौऱ्याण्णव.

आता पुन्हा कॅसेटीकडे येते. ती मला आधी ऐकावयास का दिली हे सरांनी अगदी शेवटी उलगडले. त्यात व्हायोलिन वाजविणारे इत्झाक पर्लमन हेही गॅलामियन यांचेच शिष्य. जन्म १९४५ चा, म्हणजे मेहली पाटी घेऊन न्यूयॉर्कला गेले त्याच सालचा. चौथ्या वर्षी पोलिओने पाय गेले, म्हणून ते बसून वाजवितात. आपल्या भाषेत बोलावयाचे तर मेहली आणि पर्लमन हे गुरुबंधू; मध्ये एका पिढीचे अंतर. म्हणजे १९८० नंतरच्या त्या ध्वनिमुद्रणात एक गुरुबंधू वाजवितो आहे आणि दुसऱ्या गुरुबंधूचा मुलगा त्याला साथ देतो आहे. आणि वाजत आहे ते सारासातेचे, जो मेहलींच्या जन्माच्या पाच दिवस आधी गेला. मेहलींचे नाव त्या कॅसेटीवर कुठेही नाही. मी भिंग घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या.

मेहलींच्या काळी मुंबईत असे कार्यक्रम फोर्टातल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. तिथे आता चित्रांचे सरकारी संग्रहालय आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलीला घेऊन मी तिथे गेले होते. चर्चगेटला उतरून चालत गेलो. चित्रे पाहिली, पण माझे लक्ष खरे म्हणजे भिंतींकडेच होते. पहारेकऱ्याला वाटले असेल, या बाईंचे काही हरवले आहे काय. मुंबईला पुढे २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पुन्हा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद मिळाला; मधली पन्नास वर्षे ती जागा रिकामीच होती म्हणावयाची.

आमची मुलगी सध्या सेंट-साँ यांची दुसरी एक रचना हाती धरून आहे. क्यूबा बेटातल्या हवाना शहराच्या नाचावरची, तीही कॅसेटीवर आहे. तिच्या शिक्षिका आता दुसऱ्या आहेत, पण रविवारी सकाळी ती फोन टेबलावर उभा करून वसईच्या सरांनाही ऐकविते. सर डोळे मिटून ऐकतात आणि गज जड पडला की एक बोट वर करतात. काल पहिल्या आठ ओळींत अकरा वेळा बोट वर झाले. मी शेजारी भूमितीचे पुस्तक घेऊन बसले होते. सध्या ती सगळे अगदी संथ वाजविते, त्यामुळे तो नाच आहे हे अजून कोणाला ओळखू येत नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा जिन्यात गाठून एवढेच विचारले की हे गाणे जलद केव्हा होणार.